पोत्याचे वजन आणि पाठीचा कणा

छत्तीसगडमधील चरोदा येथे भिलाई मार्शलिंग यार्ड आहे. पोलाद, कोळसा, खनिज आणि इतर माल वाहणाऱ्या डब्यांची तेथे जुळवाजुळव होते. शेकडो टनांचे ओझे इंजिन ओढते. माणसाची पाठ मध्ये येते ती प्रवासाच्या दोन टोकांना, मालधक्क्यावर. धान्याच्या एका बंद डब्यात सुमारे ६० टन माल धरला, तर शंभर किलोची ६०० पोती होतात आणि पन्नास किलोची १,२००. पोते किती वजनाचे असावे, हा प्रश्न वरवर व्यापाराचा वाटतो. त्याचा इतिहास मात्र शरीरशास्त्राच्या आणि कामगार चळवळीच्या अंगाने जातो.

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात ओझेवाल्यांच्या व्याधींचीही दखल आहे. ‘अर्गोनॉमिक्स’ हा शब्द पोलंडच्या वोयचेख यास्त्शेंबोव्स्की याने १८५७ मध्ये वापरला. पुढे तो विस्मरणात गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नव्याने रूढ झाला. माणसाला कामाच्या साच्यात बसवण्यापेक्षा काम माणसाच्या शरीराला जुळते करावे, एवढाच त्याचा गाभा.

भारतीय हमालाला थेट लागू पडणारे एक संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झाले. दत्ता आणि रामनाथन या दोन भारतीय संशोधकांनी एकच ३० किलोचे ओझे सात पद्धतींनी वाहायला लावून शरीराची ऊर्जा किती खर्च होते ते मोजले. डोक्यावर, पाठीवर, कपाळपट्ट्याने, कावडीने, दोन्ही हातांत धरून, अशा या पद्धती. निम्मे ओझे छातीवर आणि निम्मे पाठीवर घेतले, की खर्च सर्वांत कमी आला. हातांत धरले, की सर्वांत जास्त. डोक्यावरचे ओझे पहिल्या क्रमांकाच्या जवळपास होते. ‘माथाडी’ हा शब्द ज्या माथ्यावरून आला, त्या माथ्यानेच ओझे वाहण्याची रीत ऊर्जेच्या हिशेबात शहाणपणाची ठरली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पण ऊर्जेचा हिशेब आणि कण्याचा हिशेब एक नव्हे. वजन डोक्यावर स्थिर झाल्यावर चालणे तुलनेने स्वस्त पडते. इजा बहुधा त्याआधी आणि त्यानंतर होते, म्हणजे वाकून उचलताना, अंग पिळून वळताना, थप्पीवर पोते फेकताना. वाकलेल्या स्थितीत ओझे कंबरेच्या मणक्यापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर दूर असते, तर पाठीच्या स्नायूंचा तरफभुज जेमतेम पाच सेंटिमीटरचा. परिणामी स्नायूंना ओझ्याच्या आठ-दहा पट बल लावावे लागते आणि ते सारे मणक्यांमधील चकतीवर दाब म्हणून येते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने या दाबासाठी सुमारे ३,४०० न्यूटन ही मर्यादा धरली. तिच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याचे शिफारस केलेले कमाल वजन २३ किलो आहे. अंतर, उंची, वळण, पकड आणि दर मिनिटाला किती वेळा उचलायचे, यांनुसार ते आणखी घटते. क्विंटलचे पोते या सूत्रापुढे ठेवणेच हास्यास्पद होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला गेला. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्याला कोणी कायमचा मालक नव्हता, अशा माणसाची नोंद मंडळाकडे झाली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी आल्या. दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका कामगाराने वाहायच्या कमाल वजनाविषयी करार क्रमांक १२७ संमत केला होता. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा होता. देशातील १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्येही इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये असे म्हटले होते; परंतु बाजारपेठेतील हमाल कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा होता.

प्रयोगशाळेने विचारले, ओझे कसे वाहावे? हमालांच्या संघटनांचा प्रश्न होता, किती वाहावे? दुसरा प्रश्न अधिक मूलगामी होता, कारण वाकण्याची योग्य पद्धत शिकवून शंभर किलोचे पोते सुरक्षित होत नाही. काळाच्या ओघात सरकारी धान्यखरेदीत आणि साखरेच्या व्यापारात पन्नास किलोचे पोते रुळले.

आणि तरीही तो २३ च्या दुपटीहून अधिक आकडा आहे. शिवाय पोते निम्मे झाले, की खेपा दुप्पट होतात. सूत्रातील वारंवारतेचा गुणक येथेच जाचतो. दर पोत्यामागे मजुरी असेल आणि पोत्याबरोबर दरही निम्मा झाला, तर कमाई टिकवण्यासाठी हमाल वेग वाढवतो. वाचलेला भार घाईत खर्ची पडतो. त्यामुळे वजनाच्या जोडीला दर, विसावा आणि थप्पीची उंचीही ठरवावी लागते. कंबरेच्या उंचीचा धक्का, सरकपट्टा, हातगाडी ही साधने फार महाग नाहीत. ती कोणी विकत घ्यायची, व्यापाऱ्याने, बाजार समितीने की रेल्वेने, यावर मालधक्क्यावरचे काम अडते. पोते एका मालकाचे, जागा दुसऱ्याची, गाडी तिसऱ्याची; पाठ तेवढी हमालाची.