धुके, होकायंत्र आणि वैमानिकाचा नकार

विमान उडवावयाचे की नाही, हे कोणी ठरवावयाचे? यंत्राचा मालक कंपनी, पगार देणारी कंपनी, वेळापत्रक छापणारीही कंपनीच. मग सुकाणूवर बसलेल्या नोकराने ‘आज मी जात नाही’ असे म्हटले, तर ती शिस्तभंगाची गोष्ट समजावी की कर्तव्याची? आज हा प्रश्न कायद्याने बव्हंशी सोडविला आहे. पण तो प्रथम उघडपणे विचारला गेला १९१९ साली, अमेरिकेत, आणि विचारणारे होते टपालाच्या थैल्या वाहणारे मूठभर वैमानिक.

टपाल आणि विमान यांचा संबंध आपल्याला अपरिचित नाही. सरकारी मान्यतेने विमानातून टपाल नेण्याचा जगातला पहिला प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबाद येथे झाला. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनी येथे नेऊन पोचविली. तो एका प्रदर्शनातला चमत्कार होता. अमेरिकेने त्याची नित्याची सेवा करावयाचे ठरविले. १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या मार्गावर हवाई टपाल सुरू झाले. पहिल्याच दिवशी वॉशिंग्टनहून निघालेला लष्करी वैमानिक दिशा चुकला आणि भलत्याच बाजूला, मेरीलँडमधल्या एका शेतात उतरला! ऑगस्टमध्ये टपाल खात्याने ही सेवा लष्कराकडून आपल्या हाती घेतली.

या सेवेची सूत्रे ऑटो प्रेगर या अधिकाऱ्याकडे होती. मूळचा हा गृहस्थ वृत्तपत्रव्यवसायातला, वैमानिक नव्हे. परंतु त्याला केवळ खुर्चीत बसून हुकूम सोडणारा खलपुरुष समजणे अन्यायाचे होईल. त्याची अडचण खरी होती. पत्रे आगगाडीने निश्चित वेळी पोचत होतीच. मग आभाळ निरभ्र असेल तेव्हाच धावणाऱ्या सेवेसाठी अमेरिकेच्या काँग्रेसने पैसा का मंजूर करावा? विमानसेवा टिकावयाची तर ती उन्हापावसात चालली पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. त्यामुळे वेळापत्रक हेच त्याचे दैवत झाले. धुके असले तरी होकायंत्र आहे ना, त्यावर भरवसा ठेवून जावे, अशी त्याची भूमिका होती.

आता वैमानिकाच्या जागी बसून पाहा. त्या काळच्या विमानाची बैठक उघडी असे. समोर होकायंत्र, उंची दाखविणारे एक ढोबळ यंत्र आणि इंजिनाची दोनचार मापके, एवढाच पसारा. खाली रेल्वेचे रूळ, नद्या, गावे पाहत मार्ग काढावयाचा. धुक्यात शिरताच क्षितिज नाहीसे होते. क्षितिज गेले की आपल्या कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये माणसाला फसवू लागतात. विमान हळूहळू एका अंगाला कलते, पण बसलेल्याला ते सरळच वाटते. विमान वळत असताना होकायंत्राची सुई स्वतःच हेलकावे खाते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ती साक्ष देत नाही. जमीन दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जुलै १९१९ मध्ये हीच भीती वैमानिकांच्या मनात होती. त्याच महिन्यात चार्ल्स लॅम्बोर्न हा त्यांचा सहकारी पेनसिल्व्हेनियात बेलफाँटजवळ विमान कोसळून ठार झाला होता. महिन्याच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्कच्या मैदानावर दाट धुके पसरले. लिऑन स्मिथ या वैमानिकाने उड्डाणास नकार दिला. त्याच्या जागी हॅमिल्टन ली याला सांगण्यात आले. त्यानेही नकार दिला. प्रेगरने दोघांनाही बडतर्फ केले.

तेव्हा उरलेल्या वैमानिकांनी त्या दोघांना परत घ्या, नाहीतर आम्हीही उडत नाही, असे कळविले आणि संप पुकारला. वास्तविक त्यांचे संख्याबळ नगण्य होते. हवाई टपालावाचून कोणाची चूल विझणार नव्हती. पण वृत्तपत्रांनी बातमी उचलून धरली, आणि वॉशिंग्टनच्या कचेरीत बसून न्यूयॉर्कच्या धुक्याची घनता कशी कळते, हा साधा प्रश्न सामान्य नागरिकाला पटला. वैमानिकांचे प्रतिनिधी प्रेगरला भेटले आणि काही दिवसांतच तडजोड झाली.

या तडजोडीतले एक कलम मोठे मार्मिक आहे. उड्डाणाचा निर्णय वॉशिंग्टनने न घेता त्या त्या मैदानावरील व्यवस्थापकाने घ्यावा, असे ठरले. आणि हवा धोक्याची आहे असे वैमानिकाचे म्हणणे पडले, तर त्या व्यवस्थापकाने स्वतः वर जाऊन खात्री करून घ्यावी! हुकूम देणाऱ्याचे आणि पाळणाऱ्याचे प्राण एकाच तराजूत घातले गेले. मात्र विजय पुरा नव्हता. लीला परत घेतले. स्मिथला घेतले नाही.

प्रेगरच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २२ फेब्रुवारी १९२१ रोजी, खात्याचा पैसा तुटण्याची वेळ आली असता, रात्रंदिवस उडत टपाल खंडाच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यावर नेण्याचे धाडस खात्याने केले. जॅक नाइट हा वैमानिक गावकऱ्यांनी पेटविलेल्या शेकोट्यांच्या उजेडात, बदली न मिळाल्यामुळे दुसऱ्याचाही टप्पा अंगावर घेत, शिकागोला पोचला. सॅनफ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला टपाल ३३ तास २० मिनिटांत गेले आणि सेवा वाचली. परंतु त्याच प्रयोगात नेव्हाडात एका वैमानिकाचा बळी पडला. टपाल खात्याच्या अमदानीत, १९१८ ते १९२७ या काळात, तिसांहून अधिक वैमानिक कामावर असताना मृत्यू पावले.

धुक्याबद्दल कोण बरोबर होते? याचा निकाल वादाने लागला नाही, विज्ञानाने लावला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी, बेलमाँट पार्क ज्या लाँग आयलंडवर आहे त्याच बेटावरील मिचेल फील्ड येथे, जिमी डूलिटल याने झाकलेल्या बैठकीतून, बाहेरचे काहीही न पाहता विमान वर नेले आणि परत उतरविले. पण त्यासाठी त्याच्यापुढे भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक, सूक्ष्म उंचीमापक आणि रेडिओचे मार्गदर्शन होते. केवळ होकायंत्रावर जे होणार नव्हते, ते या साधनांनी झाले. स्मिथ आणि ली यांचा नकार भित्रेपणाचा नव्हता. तो दहा वर्षे आधी सांगितलेले शास्त्रीय सत्य होता.

आणि ली? ज्याला नोकरीस नालायक ठरविले, तो पुढे युनायटेड एअरलाइन्समध्ये गेला आणि १९४९ साली निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर सत्तावीस हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते. तो शंभरी ओलांडून १९९४ साली वारला. ‘नाही’ म्हणता येणारा वैमानिकच सर्वांत अधिक वेळा ‘हो’ म्हणू शकला.

१९३१ साली अमेरिकन वैमानिकांची कायमची संघटना उभी राहिली. पुढे १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेल्या हवाई नियमांत असे तत्त्व आले की, विमान आपल्या ताब्यात असेतो त्याच्याबाबतचा अंतिम अधिकार प्रमुख वैमानिकाचा. भारतही त्या करारात आहे. आपल्या कोकणकिनाऱ्याला हे तत्त्व नवे वाटू नये. गलबत कोणाचेही असो, वारा पाहून शीड उभारावे की नांगर टाकून राहावे, हे तांडेलाने ठरवावयाचे.

याचा अर्थ वैमानिक चुकत नाही असा नव्हे. त्याच्या निर्णयाची मागाहून चौकशी व्हावी, त्याला कारणे विचारावीत. ते योग्यच आहे. परंतु ती चौकशी शिकण्यासाठी असावी, धाक घालण्यासाठी नसावी. कारण नकार देणाऱ्याला शिक्षा झाली, की पुढच्या धुक्यात कोणी नकार देत नाही. आणि कायद्यातला अधिकार पुस्तकातच राहतो. आपण उतारू म्हणून विमानात बसतो, उशीर झाला की घड्याळ पाहून चरफडतो. त्या वेळी हे आठवावे की, आपला जीव ज्याच्या हाती आहे त्याला न निघण्याची मोकळीक असणे, हा आपल्या तिकिटाचाच एक भाग आहे.