अनण सुख : गिरणगावातील आपल्या माणसांच्या काटकसरीचा इतिहास





विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा समितीच्या तरुण मंडळींनी आग्रह धरला. आम्ही म्हणालो, आम्ही रिंग खात्यातले कामगार, दहावी नापास. तुटलेलं सूत जोडायला सांगा, ते जमेल. तेव्हा त्यांनी समितीच्या कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक जुनी वही काढून आमच्या पुढ्यात ठेवली. तिच्यात विहारासाठी जमलेल्या एकेका रुपयाचा हिशेब आहे. ती वही चाळता चाळता रात्र झाली, आणि आम्हाला वाटलं की आपल्या लढ्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, पण त्या लढ्यांना लागणारा पैसा आपल्या माणसांनी कुठल्या खर्चातून वाचवला, हा इतिहास कुणी तरी सांगितला पाहिजे. म्हणून हा खटाटोप.

पगाराआधीच संपलेला पगार

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईत आले आणि परळला गिरणीत लागले. त्या काळी गिरणीचा पगार महिन्याचा महिन्याला, तोही पुढच्या महिन्याची दहा-पंधरा तारीख उजाडल्यावर मिळे. म्हणजे नवीन माणसाने सव्वा-दीड महिना खायचे काय? वाण्याकडे उधारी. कामावर लावल्याबद्दल जॉबरला दस्तुरी. मग उधारी फेडायला कर्ज. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर काठी घेऊन सावकार उभाच. व्याज रुपयाला महिना एक आणा. ऐकायला एक आणा किती लहान वाटतो! पण रुपयाचे आणे सोळा. शंभर रुपये घेतले तर महिन्याला सव्वासहा रुपये व्याज, वर्षाला पंचाहत्तर. मुद्दल जागच्या जागी.

हे केवळ आजोबांच्या तोंडचं नाही. १९२९ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. त्यानंतर १९३६ चा पगार वाटपाचा कायदा आला आणि पगार सात किंवा दहा दिवसांच्या आत देण्याचे बंधन पडले. सावकारीवर नियंत्रण आणणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४६ चा. तोपर्यंत दोन पिढ्या व्याजात गेल्या.

त्यात आपला माणूस आणखी खालच्या पायरीवर. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने चोखावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्णाला चालत नसे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा आम्हाला काटकसरीचे धडे देणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे की आपल्या माणसाच्या हातात मुळात कमी येत होते. पगार वाढवून घेणे ही एक लढाई आणि आलेला पगार राखणे ही दुसरी. पहिली सोडून दुसरी लढता येत नाही.

बाबासाहेबांचा हिशेब

ही दुसरी लढाई आपल्या समाजात सर्वात कसून कोणी लढली असेल तर ती परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांनी. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. त्या काळी हा मोठा पगार. दुसरा कोणी असता तर बंगला पाहिला असता. पण बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाईच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम देत आणि बाकीची अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी बाजूला ठेवत. १९२० च्या जुलैत ते लंडनला गेले ते ही शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर.

लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर चहा, दिवसभर ग्रंथालय, रात्री पापड, असा त्यांचा आहार चरित्रकारांनी नोंदवला आहे. अशा पोटाने त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. सरकारच्या रुपयाचे दुखणे सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या खिशातल्या पेनीचा हिशेब ठेवावा लागत होता. इकडे रमाईने गोवऱ्या थापून संसार केला, हे तर आपल्या घरोघर सांगितले जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाबासाहेबांनी पोट मारले, पण पुस्तके सोडली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली होती. चिकट माणूस सगळीकडेच हात आखडतो. काटकसर करणाऱ्याला मात्र कुठे आखडायचे आणि कुठे सैल सोडायचे ते माहीत असते.

कापसाचा आकडा आणि आयेचा चष्मा

आमच्या पगाराला भोके पाडणाऱ्या गोष्टी कुठल्या? दारूचे सर्वांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. मटक्याचे सांगतो, कारण ते आम्ही स्वतः भोगले आहे. मुंबईत आधी आकड्याचा जुगार होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने येत, त्यावर लोक पैसे लावीत. १९६० नंतर लवकरच ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या घालून आकडा काढू लागले. म्हणून त्याचे नाव मटका. बघा बंधूंनो, आठ तास कापसाचे सूत काढायचे आणि बाहेर येऊन त्या कापसाच्या भावावरच पगार हरायचा!

आम्ही १९८८ साली बदली कामगार म्हणून लागलो. खात्यात वीस जणांची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये, म्हणजे हजार रुपये जमत. चिठ्ठी निघेल त्याला ते हजार मिळत. वीस महिन्यांत प्रत्येकाची पाळी येई. व्याज नाही, कागद नाही, सगळा कारभार शब्दावर. एका महिन्यात आम्ही भिशीचे पन्नास रुपये ओपन-क्लोजवर लावले आणि घालवले. घरी येऊन तोंड लपवून बसलो. आये काही बोलली नाही. तिने तांदळाच्या डब्यातून पुरचुंडी काढली. त्यात तिने चष्म्यासाठी साठवलेले पैसे होते. म्हणाली, "हे घे आन् भर. वीस माणसांच्या पुढं मान खाली घालू नगंस." त्यानंतर वर्षभर तिने दोऱ्याने बांधलेला मोडका चष्मा वापरला. सुई ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारायची. ती हाक ऐकू आली की आम्ही उठून बाहेर जात असू.

त्या वर्षी आम्ही मटका सोडला. तंबाखूची पुडी आणि पाळी सुटल्यावरचा हॉटेलातला चहा हेही सोडले. दिवसाला रुपया वाचे. महिन्याच्या सव्वीस पाळ्यांचे सव्वीस, वर्षाचे तीनशे बारा. पहिल्या वर्षी आयेचा चष्मा आला. बाकीचे गिरणीतल्या पतपेढीत टाकू लागलो. पुढे मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला हीच पतपेढी कामी आली.

मात्र एक अनुभव सांगून ठेवतो. घरातल्या डब्यात एकट्याने टाकलेला पैसा टिकत नाही. पाहुणा आला, ताप आला, की डबा फुटतो. भिशीतला आणि पतपेढीतला पैसा टिकतो, कारण तिथे चार माणसांची नजर असते. आये म्हणाली तेच खरे. वीस माणसांपुढे मान खाली जाऊ नये, हीच आपली तिजोरीची किल्ली.

स्लॅबचा पैसा

आता त्या वहीकडे येतो. आपले विहार पूर्वी पत्र्याची शेड होते. पावसाळ्यात वंदनेला बसलो की तथागतांच्या मूर्तीवर छत्री धरावी लागे. स्लॅब घालायचा म्हणून सत्तरच्या दशकात प्रत्येक घराने आठवड्याला एक रुपया द्यायचा ठराव झाला. रविवारी डबा फिरे, पावती मिळे आणि दर पौर्णिमेला फळ्यावर एकूण जमा लिहिली जाई. कुणी विड्या कमी केल्या, कुणी ट्राम गेल्यावर बसचाही नाद सोडून पायी गिरणीत जाऊ लागले. बायांनी चहातली साखर कमी केली. अशा पैशांतून चार हजारांवर रक्कम जमली.

आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा आठवीत होतो. दोन-तीन महिन्यांत घराघरांतली भांडी मोडीत निघू लागली, मंगळसूत्रांतले मणी गहाण पडू लागले, आणि गिरणीच्या दरवाजावरचा तो जुना सावकार नव्या तोंडाने चाळीत फिरू लागला. वैशाख पौर्णिमेला विहारात सभा भरली. काही जण म्हणाले, धम्माचा पैसा पोटाला वापरायचा नाही. यावर आमचे खजिनदार काका उठले. ते डॉफर होते, सहसा बोलत नसत. ते म्हणाले, "पोरं उपाशी ठेवून स्लॅब घातला, तर त्याच्याखाली बसून पंचशील कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

सभेत बराच वेळ शांतता होती. मग ठराव झाला. त्या पैशाचे धान्य घाऊक भावाने आणले आणि घरातली तोंडे मोजून वाटले. वहीत प्रत्येक घराचे पान आहे. किती धान्य घेतले आणि केव्हा फेडले, सारे लिहिलेले. व्याज नाही. सक्ती नाही. आमच्या घराचेही पान त्यात आहे. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, आणि शेवटी वडिलांचा अंगठ्यासारखा दिसणारा वाकडा सही.

संपाचा शेवट कसा झाला हे सर्वांना माहीत आहे. कित्येकांना कामावर परत घेतलेच नाही. तरी वहीतले पैसे परत येत राहिले. कुणी पाच दिले, कुणी दोन. शेवटची जमा १९८९ ची आहे. तीन घरे गावी गेली ती परत आली नाहीत. त्यांच्या पानावर सभेच्या ठरावाने "जमा" असे लिहून खाली रेघ मारली आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९१ ला, स्लॅब पडला. म्हणजे छताला नऊ वर्षे उशीर झाला. परंतु आमचे ठाम मत आहे की आपले विहार खऱ्या अर्थाने उभे राहिले ते १९८२ च्या त्या वैशाख पौर्णिमेला.

याच्या उलटही पाहिले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे एकरकमी हातात आले. आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांनी ते एका जादा व्याज देणाऱ्या कंपनीत टाकले. एके दिवशी कार्यालयाला कुलूप. आयुष्यभराची बचत गेली. तिथे ना फळा होता, ना पौर्णिमेचा हिशेब. आमची गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्या दिवसांत आम्हाला तारले ते पतपेढीतल्या थोड्या शिल्लकेने आणि चाळीतल्या माणसांनी.

आजचा सावकार

आज काठीवाला सावकार दरवाजात दिसत नाही. तो मोबाईलमध्ये आला आहे. दोन मिनिटांत कर्ज मिळते आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन जातात. जयंतीला डीजेसाठी वर्गणी आणि लग्नात हॉलसाठी कर्ज, हे पाहिले की वाईट वाटते. बौद्ध पद्धतीने वंदना घेऊन, हार घालून थोड्या खर्चात लग्न होते. तो आपल्याला मिळालेला मोठा आधार होता, त्याला आपणच मोठेपणाची झालर लावली. आम्ही तरुणांना चहा पिऊ नका म्हणत नाही. आपला पैसा रोज कुठल्या भोकातून गळतो, ते एकदा महिनाभर वहीत लिहून पाहा, एवढेच म्हणतो.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला सांगितले की मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. आपल्या मिळकतीत असे चार भाग सहज पडत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण चौथ्या भागाचा आरंभ एका रुपयानेही होतो. त्यांनी कोलियांच्या दीघजाणूला समजीविता सांगितली. थोड्या मिळकतीत डौल करू नये आणि भरपूर असून उपाशीही जगू नये. आणि अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक आहे अनण सुख, म्हणजे कुणाचे काही देणे नसण्याचे सुख.

आजोबांना हे सुख एक दिवसही लाभले नाही. वडिलांना ते १९८९ साली, वहीतल्या आपल्या पानाखाली रेघ ओढली गेली तेव्हा लाभले. त्या रात्री ते विहारातून घरी आले आणि आयेला म्हणाले, "आज झोप लागंल."

समितीला आमची एवढीच विनंती आहे की, ती वही कपाटात ठेवू नका. वर्धापन दिनी ती मूर्तीसमोर उघडून ठेवा, आणि तिच्या शेजारी एक कोरी वही ठेवा. आठवड्याला दहा रुपयांपासून सुरुवात करू. पहिले पान आमच्या नावाचे लिहा.

भवतु सब्ब मंगलम्। जयभीम!