मायक्रॉनच्या पलीकडची अनिश्चितता

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुण्याजवळच्या पिंपळे गुरवच्या आसपास, पिंपरी-भोसरीपासून पुढे चाकणपर्यंत, कारखाने उभे राहत गेले. त्यांच्याबरोबर मापाची एक कडक शिस्तही इथे रुजली. मायक्रोमीटरचा रॅचेट कट्-कट् वाजेपर्यंत फिरवला की माप मिळतं. पण मापनकक्ष २० अंशांवरच ठेवावा लागतो, कारण १०० मिलिमीटर पोलाद एका अंशाला सुमारे १ मायक्रॉन वाढतं. म्हणून कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर मापाशेजारी त्याची अनिश्चितताही छापलेली असते. ही अनिश्चितता आपल्या अज्ञानाची. कष्ट आणि पैसा ओतला की ती घटते. हायझेनबर्गने १९२७ मध्ये मांडलेली अनिश्चितता तशी नाही. स्थान आणि संवेग दोन्ही हवे तितके नेमके असतील, अशी अवस्थाच निसर्गात नसते.

मग भोसरीच्या लेथला तिचं काय, असं कुणी म्हणेल. १ किलोचा भाग १ मायक्रॉनपर्यंत नेमका ठेवला, तरी वेगातली अटळ अनिश्चितता, मीटर प्रति सेकंदात मोजली तर, दशांशचिन्हानंतर २८ शून्यांनी सुरू होते. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. मापाच्या एककाकडेच पाहा. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपलेला धातूचा एक ठोकळा होता. शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बसवला गेला. हायझेनबर्गची मर्यादा ठरवणारा स्थिरांकही तोच. निसर्गाने जिथे नेमकेपणा नाकारला, तिथूनच मापाला न झिजणारा आधार मिळाला, आणि चाकणच्या वजनकाट्याचा दाखला प्रयोगशाळांच्या साखळीतून तिथवरच पोचतो.