तळटीप : ‘वाताने सांधे धरले’
१२. वाताने सांधे धरले : सांध्यांच्या दुखण्याला वसई-विरारकडेही सरसकट ‘वात’ म्हणतात. पण सांध्यांची सूज क्वचित लपलेल्या कर्करोगाची पूर्वसूचना असते. फुप्फुसाच्या कर्करोगात काहींची मनगटे व घोटे सुजतात, बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वाकतात. बाम्बर्गर आणि पिएर मारी यांनी १८९०च्या सुमारास याचे वर्णन केले. लहान मुलांत रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही सांधेदुखीने होऊ शकते. बहुतेक सांधेदुखी कर्करोगाची नसते. मात्र जोडीला वजन घटणे, रेंगाळणारा ताप वा खोकल्यातून रक्त असेल, तर नुसत्या तेल-शेकावर थांबू नये. — संपा.