आकडे आधी, चित्र मागून

नॉर्वेतल्या विक गावच्या टॉर्स्टाइन होन्सी यांना घरच्या संकेतस्थळावर एक साधा आलेख हवा होता. त्यांच्या कुटुंबाची केबिन असलेल्या डोंगरावर बर्फ किती साचलाय, हे त्यात दाखवायचं होतं. मनाजोगं साधन सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. २००९ मध्ये ते ‘हायचार्ट्‌स’ नावाने बाहेर आलं आणि पुढे जगभरच्या कंपन्यांच्या डॅशबोर्डांवर जाऊन बसलं.

तोवर ब्राउझरमधला हलता आलेख म्हणजे बहुधा फ्लॅश, ब्राउझरला वेगळं जोडावं लागणारं साधन. कोलकात्याच्या पल्लव नधानी यांनी शाळकरी वयातच, २००२ मध्ये, ‘फ्युजनचार्ट्‌स’ उभं केलं, तेही फ्लॅशच्याच जोरावर. रेषा आणि आकारांसाठीचं एसव्हीजी हे मानक २००१ पासून होतं; पण इंटरनेट एक्स्प्लोररने त्याला थेट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत, दार उघडलं. दरम्यान एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर फ्लॅश का नाही, हे जाहीर पत्रातून सांगितलं आणि आलेखांचं काम जावास्क्रिप्टकडे वेगाने सरकलं.

तिथे दोन वाटा होत्या. एसव्हीजीत प्रत्येक स्तंभ, प्रत्येक ठिपका पानावरचा स्वतंत्र घटक असतो. त्याला रंग देता येतो, त्यावर क्लिक पकडता येतं. ठिपके हजारोंनी वाढले की मात्र ब्राउझर धापा टाकतो. दुसरी वाट ‘कॅनव्हास’ची. त्यावर नुसते पिक्सेल उमटतात. वेग मिळतो, पण कोणता पिक्सेल कोणत्या आकड्याचा, याचा हिशेब लायब्ररीला, म्हणजे आलेख काढणाऱ्या तयार कोडला, ठेवावा लागतो. निक डाउनी यांचं ‘चार्ट.जेएस’ आणि चीनच्या बायडू कंपनीतून आलेलं ‘ईचार्ट्‌स’, दोन्ही २०१३ ची, कॅनव्हासच्या वाटेने गेली.

या सगळ्यांहून वेगळा विचार स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी २०११ मध्ये ‘डी३’ मांडलं. त्यात ‘स्तंभालेख काढ’ अशी आज्ञाच नव्हती. आकड्यांची यादी एका बाजूला, पानावरचे घटक दुसऱ्या बाजूला, आणि त्यांची जोडणी. नवा आकडा आला तर घटक जन्माला येतो, आकडा बदलला तर घटक बदलतो, आकडा गेला तर घटकही जातो. शिकायला हे अवघड होतं, आजही आहे. पण त्याचं बळ २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत दिसलं. तेव्हा बोस्टॉक ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये होते. शान कार्टर यांच्यासह त्यांनी नऊ अटीतटीच्या राज्यांच्या निकालांतून निघणाऱ्या ५१२ शक्यतांचा वृक्ष काढला. वाचक एखादं राज्य ओबामांना किंवा रॉम्नींना देई आणि उरलेल्या फांद्या डोळ्यांदेखत छाटल्या जात. तयार साच्यांच्या कुठल्याही लायब्ररीला हे जमलं नसतं.

आकडे बदलले की पानावरचे घटक त्यांच्याशी जुळते कसे ठेवायचे, हाच प्रश्न फेसबुकमध्ये दुसऱ्या रूपात छळत होता. न वाचलेल्या निरोपाचा आकडा वर झळके. उघडून पाहावं तर निरोपच नाही. दोष दुरुस्त व्हायचा आणि काही दिवसांनी परत यायचा. तीच माहिती पानावर अनेक ठिकाणी होती, आणि ती कुठूनही बदलता येत होती. फेसबुकच्याच जॉर्डन वॉक यांचं, माहितीवरून पडदा उभा करणारं ‘रिअ‍ॅक्ट’ मे २०१३ मध्ये खुलं झालं होतं. त्याच्या जोडीला २०१४ मध्ये कंपनीने ‘फ्लक्स’ची मांडणी जाहीर केली: माहिती एकाच दिशेने वाहील, आणि पडदा तिच्यामागून बदलेल.

त्याचं सर्वात नेटकं रूप म्हणजे ‘रिडक्स’. डॅन अब्रामोव्ह यांनी ते २०१५ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या परिषदेत दाखवलं. सगळी स्टेट, म्हणजे पानाची त्या क्षणाची माहिती, एका स्टोअरमध्ये, आणि प्रत्येक बदल एक नोंदलेली कृती. खतावणीसारख्या या नोंदींमुळे प्रोग्रामरला मागच्या कोणत्याही क्षणी जाऊन चूक कुठे शिरली ते पाहता येई. प्रेक्षक थक्क झाले ते यानेच. किंमतही होती: लहानशा बदलासाठी तीन-चार फायली उघडाव्या लागत. खुद्द अब्रामोव्ह यांनीच २०१६ मध्ये रिडक्सची गरज प्रत्येकाला नसते, असं लिहिलं. आपल्याच लोकप्रिय साधनाबद्दल इतकं स्वच्छ बोलणारे थोडे. मिशेल वेस्टस्ट्रेट यांचं ‘मॉबएक्स’ त्याच्या उलट टोकाला होतं. त्यात स्टेट सरळ बदलावी, कोण तिच्यावर अवलंबून आहे ते लायब्ररी शोधते. लिहायला ते सुखाचं. पण मोठ्या संघात, कोणी काय बदललं याचा माग काढायचा असेल तेव्हा, रिडक्सची शिस्तच उपयोगी पडते.

गंमत अशी, की एकाच विचाराची ही दोन अपत्यं, डी३ आणि रिअ‍ॅक्ट, एकत्र आली की भांडत. पानावरचे घटक दोघांनाही आपल्या ताब्यात हवे. बऱ्याच प्रयोगांनंतर वाटणी ठरली: मोजमाप, अक्ष, नकाशाचं गणित डी३कडे, घटक उभे करणं रिअ‍ॅक्टकडे. २०१६ मध्ये डी३ची चौथी आवृत्ती सुट्या भागांत विभागली गेल्यावर हे सोपं झालं. ‘रीचार्ट्‌स’ आणि एअरबीएनबीचं ‘व्हिसएक्स’ याच वाटणीवर उभी आहेत. कोविडच्या काळात स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘कोविड१९इंडिया’च्या पानावरही रिअ‍ॅक्ट आणि डी३ शेजारी शेजारी होते, पुणे, मुंबई, नागपूरचे रोजचे आकडे असंख्य घरांनी तिथेच पाहिले.

रिडक्सनंतर ‘झुस्टांड’, ‘जोताई’ अशी हलकी साधनं आली. फेसबुकचं ‘रिकॉइल’ २०२० मध्ये गाजावाजात येऊन २०२५ च्या आरंभी बंदही पडलं. आणि स्टीव्ह सँडरसन यांच्या ‘नॉकआउट’ने २०१० मध्येच वापरलेली कल्पना, आपल्यावर कोण अवलंबून आहे हे मूल्यानेच लक्षात ठेवायचं, आता ‘सिग्नल’ या नावाने ‘सॉलिड’, ‘प्रीअ‍ॅक्ट’ आणि ‘अँग्युलर’मध्ये परतली आहे. २०२४ मध्ये तिला थेट जावास्क्रिप्ट भाषेतच स्थान द्यावं, असा प्रस्ताव भाषेच्या मानक समितीने विचाराच्या पहिल्या टप्प्यात घेतला.