राळेगणसिद्धी येथील दारूबंदी

राळेगणसिद्धी येथील दारूबंदी : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या या गावाने 1975 नंतर हातभट्ट्या आणि गुत्ते बंद करून राबवलेली लोकचळवळ. महाराष्ट्रातील ग्रामीण दारूबंदीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणून तिचा उल्लेख होतो.

पार्श्वभूमी : पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, डोंगर उघडेबोडके, उन्हाळ्यात विहिरी कोरड्या. शेतीवर पोट भरेना तेव्हा अनेक कुटुंबे दारू गाळण्याकडे वळली. गावात 30 हून अधिक भट्ट्या होत्या. गूळ पाण्यात भिजवायचा, नवसागर घालून आंबवायचा आणि ते रसायन भट्टीवर चढवून वाफेची दारू उतरवायची, एवढाच हा धंदा. त्याला ना जमीन लागे, ना पाऊस. लागे ते सरपण. गावच्या यादवबाबा मंदिराचे लाकूडही भट्टीखाली गेल्याचे सांगितले जाते.

बैठकीची जागा : मोठ्या शहरांत मद्यगृह ही अनेकांची बसण्याउठण्याची जागा असते. मुंबईतील परमिट रूम, गोव्यातील तावेर्न किंवा इंग्लंडमधील गल्लीतला पब येथे जेवण आणि गप्पा यांना पिण्याइतकेच महत्त्व असते. दुष्काळी गावातील गुत्त्याची तऱ्हा वेगळी होती. तेथे मजुरीचा पैसा घरी पोहोचण्याआधीच संपे आणि भांडणतंटा, मारझोड यांची झळ बायकामुलांना बसे.

चळवळ : सैन्यातून निवृत्त होऊन 1975 मध्ये गावी परतलेल्या किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार केला. गाव तेथे पुन्हा जमू लागले. मंदिरातील बैठकीत भट्ट्या बंद करण्याचे ठरले. देवळात घेतलेल्या निर्णयाला दिलेल्या शब्दाचे वजन आले आणि बहुतेकांनी भट्ट्या आपणहून मोडल्या. उरलेल्या भट्ट्या गावच्या तरुण मंडळाने बंद पाडल्या. पुढे तंबाखू, विडी आणि सिगारेट यांची विक्रीही थांबली. गावातील असा सारा माल एका होळीत जाळण्यात आला.

यशाची कारणे : पाणलोट विकासाचे कार्यकर्ते विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीच्या कामापासून प्रेरणा घेऊन गावाने नालाबंडिंग, पाझर तलाव आणि वृक्षलागवड केली. विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले आणि दारू गाळणाऱ्यांना शेतीत परतता आले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीतील सूत्रे एकमेकांना धरून होती: भट्टी विझली की झाड वाचते, झाड वाचले की पाणी मुरते आणि पाणी असले की भट्टीची गरज उरत नाही. पोटाची सोय लागली म्हणूनच ही बंदी टिकली.

टीका : दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना हजारे यांनी स्वतः मान्य केल्या आहेत; आजारी मुलाला आई कडू औषध देते, अशा आशयाचे समर्थनही त्यांनी केले. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या सक्तीवर आणि एका व्यक्तीच्या नैतिक अधिकारावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेवर टीका केली. ही टीका रास्त आहे. व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याला चाबूक हे औषध नव्हे.

प्रभाव : 1992 मध्ये राज्य शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली, तिच्यामागे राळेगणचा अनुभव होता. 2008 च्या शासकीय आदेशाने गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून दारूचे दुकान बंद करावे का यावर गुप्त मतदान घेण्याची तरतूद झाली आणि ‘उभी बाटली की आडवी बाटली’ (दुकान चालू ठेवण्यासाठी उभी, बंद करण्यासाठी आडवी) हा सवाल गावोगावी पोहोचला. अवैध दारूला आळा घालणाऱ्या ग्रामरक्षक दलांची तरतूद हजारे यांच्या आग्रहातून 2016 च्या कायदादुरुस्तीत आली. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी उपोषणाचा इशारा दिला. जनतेचे मत अजमावण्याचे आश्वासन मिळाल्यावर आणि ग्रामसभेने विनंती केल्यावर त्यांनी उपोषण स्थगित केले.

मूल्यमापन : वरून लादलेली बंदी टिकवणे अवघड असते. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये लागू झालेली दारूबंदी 2021 मध्ये उठवली गेली. राळेगणात बंदीसोबत पाणी, रोजगार आणि संध्याकाळी एकत्र बसायला जागा या तिन्ही गोष्टी आल्या. बाटली आडवी करू पाहणाऱ्या प्रत्येक गावाने राळेगणकडून मारझोड नव्हे, तर ही तिहेरी सोय घ्यावी.