विंगरचं वय आणि आपली घाई

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या भारतीय पोरांविषयी कोल्हापुरात, पुण्यात आणि इथे दुबईच्या देरा भागातल्या मराठी मंडळींतही एक मत पक्कं झालं आहे: संधी मिळाली होती, पोरांनी ती घालवली. त्यातही विंगरचा निकाल फार लवकर लावला जातो. वेग हेच त्याचं भांडवल. बाविशीपर्यंत नाव झालं तर झालं, नाहीतर गडी संपला. त्या संघातल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव निघालं की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरही हाच हिशोब मांडतात. हा हिशोब मुळातच चुकला आहे, आणि तो खोडणारा पुरावा देरातच घडलेला आहे.

पूर्वपक्ष कमकुवत नाही, हे आधी मान्य करतो. लामिन यामाल पंधराव्या वर्षी बार्सिलोनाच्या मुख्य संघात उतरला आणि सतराव्या वर्षी युरो जिंकून बसला. आपल्याकडेही गोव्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ साली, बाविशीत, ब्राझीलच्या अथलेटिको परानायन्सेपर्यंत पोचला. परतल्यावर ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. उदांता सिंगचंही उदाहरण देतात. २०१९च्या आशियाई चषकात अबू धाबीला थायलंडला ४-१ हरवताना उजव्या बाजूने त्याने केलेली धावपळ ज्यांनी पाहिली, त्यांना पुढचा उदांता फिका वाटला. तेव्हा विंगर लवकर फुलतो आणि लवकर सुकतो, असं कुणी म्हटलं तर ते उगाच म्हटलेलं नाही.

आता २५ मार्च २०२१चा सामना पाहा. देरातल्या अल ममझर भागात, शबाब क्लबच्या मकतूम बिन रशीद अल मकतूम स्टेडियमवर भारत आणि ओमान भिडले. करोनामुळे भारतीय संघ तब्बल सोळा महिन्यांनी मैदानात उतरत होता. प्रशिक्षक इगोर स्टिमाचने त्या संध्याकाळी दहा जणांना पदार्पण करू दिलं. मध्यंतराला आपण एका गोलने मागे होतो. पंचावन्नाव्या मिनिटाला बिपिन सिंगने क्रॉस टाकला, आघाडीच्या मनवीरने उडी घेऊन हेडर मारला आणि बरोबरी झाली. सामना १-१ सुटला.

त्या दहा नवख्यांत जीक्सन सिंग आणि सुरेश वांगजम होते. दोघेही २०१७च्या त्याच विश्वचषकातले, दोघेही मधल्या फळीतले, एक एकोणीस वर्षांचा आणि दुसरा वीस. त्यांच्याबरोबरच पदार्पण करणारा विंगर बिपिन मात्र सव्वीस वर्षांचा होता. बाविशीचा नियम लावला असता तर हा क्रॉस टाकायला तो मैदानात दिसलाच नसता.

बारा दिवस आधी, १३ मार्चला, याच बिपिनने फातोर्ड्याला मुंबई सिटीला आयएसएलचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. तो गोल मी मुद्दाम पुन्हा पाहिला. नव्वदावं मिनिट, १-१. मोहन बागानचा गोलरक्षक पुढे येऊन चुकला, चेंडू मुंबईच्या ओगबेचेकडे गेला आणि त्याने तो मध्ये ढकलला. तिथे बिपिन हजर होता. सबंध सामना टचलाइनला चिकटून धावलेला माणूस त्या क्षणी आपली रेघ सोडून डीमध्ये आला होता. केव्हा यायचं, कुठे उभं राहायचं हे त्याला कळलं होतं. निव्वळ वेगाने तो गोल झाला नसता. २०२४च्या अंतिम सामन्यात कोलकात्यात पुन्हा मोहन बागानविरुद्ध, पुन्हा १-१ असताना, एक्क्याऐंशीव्या मिनिटाला त्यानेच मुंबईला आघाडी दिली. तेव्हा तो एकोणतिशीत होता.

मग ही समज आपल्या पोरांना उशिरा का येते? यामालशी तुलना करणारे इथे फसतात. तो सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत गेला, तेव्हापासून मोसमामागून मोसम नियमित सामने खेळला. आपल्याकडे मात्र आयएसएलच्या पहिल्या तीन मोसमांत एका संघाचे सहा परदेशी मैदानावर चालत. २०१७-१८पासून पाच, २०२१-२२पासून चार. क्लब परदेशी खेळाडूवर पैसा ओतणार तो बहुधा गोल करण्यासाठी, म्हणजे कात्री आधी आघाडीच्या देशी पोरावर चालणार. विंगरची समज वाढते ती समोरच्या फुलबॅकला शंभरदा तोंड देऊन. ते शंभर प्रसंगच आपण त्याला सव्वीसपर्यंत पुरते देत नाही आणि बाविसाव्या वर्षी निकाल मात्र मागतो.

दुसरीही एक गोष्ट हा हिशोब विसरतो. विंगर एकटा खेळत नाही. २०२१च्या विजेत्या मोसमात बिपिनच्या पाठीमागे मंदार राव देसाई होता, म्हापशाचा. मंदार मूळचा विंगरच. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने एफसी गोव्यात असताना त्याला मागे ओढून डावा फुलबॅक केला. रूढ मताप्रमाणे ही पडती झाली. पण याच जागेवरून मंदार सप्टेंबर २०१९मध्ये दोहाला आशियाई विजेत्या कतारविरुद्ध भारतासाठी उतरला, आणि तो सामना आपण ०-० राखला. वय सत्तावीस. विंगर असण्याचा अनुभव त्याने फुलबॅकच्या जागेवर वापरला आणि पुढच्या बिपिनला मोकळीक मिळवून दिली. अशी कारकीर्द गोलांच्या रकान्यात दिसतच नाही.

विंगर छांगतेचं उदाहरण याहून बोलकं आहे. अठराव्या वर्षी भारताकडून खेळला, नेपाळविरुद्ध दोन गोल केले, मग मागे पडला. त्याला संपवूनही टाकलं होतं लोकांनी. मुंबई सिटीत आल्यावर सव्विसाव्या वर्षी तो देशाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

देराच्या त्या सामन्यानंतर चारच दिवसांनी दुबईतच यूएईने आपल्याला ६-० धुतलं, हे मला कुणी ऐकवेल. खरं आहे. बिपिनला राष्ट्रीय संघात कायमची जागा मिळाली नाही, हेही खरं. पण भारत कमकुवत आहे यावरून विंगर केव्हा तयार होतो हे सिद्ध होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते सर्रास मिसळतो.

अनिकेत २००० सालचा. नोव्हेंबर २०१७मध्ये इंडियन ॲरोजच्या त्या मोसमातल्या पहिल्याच आय-लीग सामन्यात त्याने चेन्नई सिटीवर दोन गोल केले, पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल. हैदराबादने आयएसएल जिंकलं तेव्हा तो त्या संघात होता, आणि पेठेतल्या चर्चेत त्याचा निकाल तोवर लागूनही गेला होता. त्या मोसमात तो एकवीस वर्षांचा होता. त्या वयात बिपिन शिलाँग लाजोंगमध्ये खेळत होता, आणि भारताच्या संघात यायला त्याला अजून पाच वर्षं लागायची होती.